घर सोडताना आलेलं सरासरी वीजबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाड्याचं घर सोडलं, सामान हललं, किल्ल्या दिल्या आणि महिनाभराने जुन्या मालकाचा फोन येतो: "अहो, शेवटचं बिल चार हजारांचं आलंय." घरात दोन माणसं आणि एक पंखा, तरी चार हजार! गेली काही वर्षं आमच्या सोसायटीत आणि ओळखीपाळखीत अशी बिलं घेऊन लोक माझ्याकडे येतात. त्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या वीजग्राहकांसाठी आहेत. शेवटी पाइप गॅसबद्दलही थोडं आहे.

१. आलेलं बिल खरं की सरासरीचं, हे कसं ओळखायचं?

रकमेकडे नंतर बघा, आधी रीडिंगचे रकाने बघा. महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट आणि एकूण असे रकाने असतात. प्रत्यक्ष रीडिंग घेतलं असेल तर चालू रीडिंगमध्ये आकडा दिसतो. रीडिंग घेतलं नसेल तर आकड्याच्या जागी लॉक्ड, फॉल्टी, आरएनए (रीडिंग उपलब्ध नाही) असा काहीतरी शेरा असतो आणि युनिट मात्र भरलेले असतात. हे युनिट तुमच्या आधीच्या महिन्यांच्या सरासरीवरून घेतलेले असतात.

घर सोडताना ही सरासरी हमखास चुकते. तुम्ही डिसेंबरमध्ये घर सोडलं आणि सरासरीत एप्रिल-मेचे कूलर-एसीचे महिने धरले, तर बिल फुगतं. उलटही होतं. थंडीतल्या सरासरीवर उन्हाळ्याची बिलं कमी येतात आणि उरलेला सगळा वापर पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो.

२. मीटरवर एकामागून एक पाच-सहा आकडे येतात. त्यातलं रीडिंग कोणतं?

ज्या आकड्याशेजारी केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहून येतं, तेच रीडिंग. इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा आपोआप पुढे सरकत राहतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, मग एमडी म्हणजे कमाल मागणी, मग केडब्ल्यूएच. शांतपणे उभं राहून एक फेरी पूर्ण होऊ द्या.

हे मी ठासून सांगतो, कारण एकदा मी स्वतःच घाईत फोटो काढला होता. सामानाचा टेम्पो खाली उभा, मीटर रूममध्ये अंधार, मोबाइलच्या टॉर्चमध्ये जो आकडा दिसला तो टिपला. वाद झाल्यावर फोटो उघडला तर त्यात १.८४ असा एमडीचा आकडा होता. तो पुरावा काहीच कामाचा नव्हता आणि सरासरीचे सगळे पैसे मला भरावे लागले.

म्हणून व्हिडिओ काढा. सुरुवातीला मीटरच्या पाटीवरचा अनुक्रमांक दाखवा, मग पडद्याची एक पूर्ण फेरी. मीटर स्वतःच तारीख आणि वेळ दाखवतो, त्यामुळे व्हिडिओ कधीचा यावर वाद उरत नाही.

३. घर सोडण्याआधी वीज कंपनीला कळवायचं असतं का?

हो, आणि बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत. केंद्र सरकारचे वीज (ग्राहकांचे हक्क) नियम २०२० म्हणतात की जागा रिकामी होताना किंवा राहणारा बदलताना विशेष रीडिंग करून घेणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. तुम्ही अर्ज केला की कंपनीने माणूस पाठवून रीडिंग घ्यायचं आणि थकबाकीसह अंतिम बिल काढायचं. त्या नियमांत ग्राहकाच्या फायद्याची एक फार मोठी गोष्ट आहे: असं अंतिम बिल एकदा काढलं की त्या तारखेआधीच्या काळासाठी, बिलात नसलेली कुठलीही रक्कम नंतर मागण्याचा अधिकार कंपनीला उरत नाही.

अर्ज शाखा कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं धरू नका. लाइनमन कितीही भला असला तरी पुढच्या महिन्यात त्याची बदली झालेली असू शकते.

भाडेकरूने अर्ज मालकाच्या सहीने दिला तर काम सोपं होतं. मालक सही देत नसेल तर प्रश्न ८ पाहा.

४. फोटो काढायला विसरलो. आता काहीच करता येणार नाही का?

येईल. मीटर मागे जात नाही, हा तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार. तुम्ही ३१ मे रोजी घर सोडलं आणि १५ जुलैला मीटरवर ८५१० दिसतंय, तर ३१ मे रोजी ते त्याहून कमी किंवा तितकंच असणार, जास्त असूच शकत नाही. कंपनीने सरासरी लावून तुमच्या नावावर ८६०० पर्यंत युनिट मोजले असतील, तर आजचा फोटोच ते बिल खोटं ठरवतो.

त्यामुळे आधी नव्या भाडेकरूला, वॉचमनला किंवा शेजाऱ्याला आजचं रीडिंग पाठवायला सांगा. नंतर तुमच्या शेवटच्या खऱ्या रीडिंगपासून किती दिवस झाले ते मोजा. जागा काही काळ रिकामी होती असं सोसायटीने लिहून दिलं तर तेही जोडा.

५. पाच महिने सरासरीचं बिल भरलं. सोडताना खरं रीडिंग घेतलं आणि एकदम प्रचंड बिल आलं. वापर माझाच आहे, मग भरावं लागणार ना?

वापराचे पैसे भरायचेच. पण कोणत्या दराने, हा खरा प्रश्न आहे आणि तिथेच लोकांचे पैसे जातात.

घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. महावितरणचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. हे टप्पे महिन्याला लागतात. आता एक उदाहरण घेऊ. तुमचा खरा वापर महिन्याला १८० युनिट. पाच महिने मीटर रूमला कुलूप, म्हणून दरमहा ६० युनिटचं सरासरी बिल आलं. सहाव्या महिन्यात खरं रीडिंग घेतलं, तर सहा महिन्यांचा वापर १०८० निघाला. त्यातले ३०० आधीच लावलेले, उरले ७८०.

हे ७८० युनिट एकाच महिन्यात दाखवले, तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात, २०० तिसऱ्यात आणि तब्बल २८० सगळ्यात महाग टप्प्यात जातात. पण खरं तर तुम्ही एकाही महिन्यात ३०० ओलांडले नव्हते! बरोबर पद्धत अशी: १०८० युनिट सहा महिन्यांत वाटायचे, म्हणजे दरमहा १८०. त्यातले १०० पहिल्या टप्प्यात, ८० दुसऱ्या टप्प्यात. असा सहा महिन्यांचा हिशोब करून आधी भरलेली रक्कम वजा करायची. सरासरीपोटी भरलेले पैसे असे परत वळते करण्याला कार्यालयात "लॉक क्रेडिट" म्हणतात. हा शब्द वापरा, समोरच्याला लगेच कळतं.

टाळेबंदीत हे सगळ्या महाराष्ट्राने अनुभवलं. मार्च २०२० नंतर रीडिंग थांबलं, हिवाळ्यातल्या वापरावरून सरासरी बिलं गेली आणि जूनमध्ये उन्हाळ्याचा सगळा वापर एकत्र येऊन लोकांचे डोळे पांढरे झाले. तेव्हाही मुद्दा हाच होता की युनिट महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यायचा. तुमच्या एकट्याच्या बिलालाही तोच न्याय हवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. विजेच्या आकारावर वीज शुल्क टक्केवारीने लागतं, घरगुतीसाठी १६ टक्के. त्यामुळे टप्पा चुकला की शुल्कही चुकतं. दुरुस्ती मागताना दोन्हीची मागा.

६. तक्रार नेमकी कुठे आणि काय लिहून करायची?

१९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण त्यावर थांबू नका. खरी तक्रार लेखी, उपविभागीय कार्यालयात. मजकूर लांबलचक नको. राग समजतो, पण वाचणाऱ्याला आकडे लागतात. मी लोकांना असा मजकूर लिहून देतो:

"ग्राहक क्रमांक अमुक, बिलिंग युनिट तमुक. मी ही जागा ३१ मे रोजी सोडली. त्या दिवशी मीटर क्रमांक अमुक यावर रीडिंग ८४६२ होते, व्हिडिओ सोबत. बिलावरील मागील प्रत्यक्ष रीडिंग ८३४१. म्हणजे वापर १२१ युनिट. शेवटच्या बिलात सरासरीने २४० युनिट लावले आहेत. प्रत्यक्ष रीडिंगनुसार बिल दुरुस्त करावे व सीपीएलची प्रत द्यावी."

सीपीएल म्हणजे ग्राहकाची वैयक्तिक खातेवही. कोणत्या महिन्यात कोणतं रीडिंग, कोणता शेरा, किती जमा, सगळं त्यात महिन्यावार असतं. सरासरीची बिलं किती महिने चालली हे लपत नाही. बिलात दुरुस्ती मान्य झाली की कार्यालयात "बी-८०" नावाचा दुरुस्तीचा फॉर्म भरला जातो. "साहेब, बी-८० झाला का?" एवढं विचारलं तरी पाठपुरावा होतो.

जागेवर पाहणी झाली तर स्थळ पाहणी अहवालावर सही करण्याआधी त्यातलं रीडिंग स्वतः मीटरवर ताडून पाहा.

उपविभागाने ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ खाली हे मंच आहेत. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं, त्यामुळे "बघू नंतर" करू नका. वकील हवाच असं नाही. मंचाच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. राज्यात लोकपालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांचे ग्राहकही याच वाटेने जातात, फक्त मंच आपापल्या कंपनीचा.

७. वाद चालू असताना बिल भरायचं का? नाही भरलं तर वीज तोडतील.

तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि वीज कायद्याच्या कलम ५६(१) मध्ये ग्राहकाला एक वाट ठेवलेली आहे. हरकत नोंदवून तुम्ही मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. भरताना पत्रात "हरकत राखून भरत आहे" असं स्पष्ट लिहा. मुकाट्याने भरलं तर पुढे म्हणतात, तुम्ही मान्य केलं होतं.

याशिवाय २०२० च्या नियमांत असंही आहे की एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती (म्हणजे रीडिंग न घेता काढलेली) बिलं काढू नयेत. दोन बिलिंग चक्रांच्या पुढेही तशीच बिलं येत राहिली, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. नैसर्गिक आपत्तीसारखी परिस्थिती याला अपवाद. तरीही माझा सल्ला पहिल्या वाटेचाच. तुम्ही निघून गेलेले असता आणि अंधारात बसतो तो तिथे आत्ता राहणारा.

८. मीटर मालकाच्या नावावर आहे. मी भाडेकरू, मला तक्रार करता येते?

येते. वीज कायद्यातली "ग्राहक" या शब्दाची व्याख्या केवळ बिलावरच्या नावापुरती नाही. स्वतःच्या वापरासाठी ज्याला वीज पुरवली जाते, तो त्यात येतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि तुम्ही भरलेल्या बिलांच्या पावत्या जोडा. व्यवहारात मात्र मालकाचं अधिकारपत्र मिळालं तर ते घ्याच, निम्मे हेलपाटे वाचतात.

९. मालकाने सरासरीचं बिल पुढे करून डिपॉझिटमधून पैसे कापले. मंचाकडे जाऊ का?

मंच कंपनी आणि ग्राहक यांच्यातला वाद बघतो, मालक आणि भाडेकरूतला नाही. आधी बिल दुरुस्त करून घ्या (प्रश्न ६). दुरुस्त बिल हातात आलं की मालकाकडे बोलायला ठोस आकडा असतो आणि माझ्या पाहण्यात बहुतेक मालक तो आकडा पाहून फरक परत देतात. शेवटी बिल त्यांच्याच नावावरचं असतं, कमी झालेलं त्यांनाही हवंच असतं.

पुढच्या करारात एक ओळ घाला: घरात येताना आणि सोडताना मीटरचं रीडिंग दोघांनी सही करून लिहायचं आणि वीजबिलाचा हिशोब त्याच रीडिंगवर करायचा.

वीज कंपनीकडे असलेली सुरक्षा ठेव हा वेगळा विषय. ती ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याची, भाडेकरूची नाही.

१०. उलटा प्रश्न: आम्ही फ्लॅट विकत घेतला आणि आधीच्या माणसाचं बिल आमच्या गळ्यात आलं.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार आधीच्या मालकाची किंवा राहणाऱ्याची थकबाकी जागेवर बोजा म्हणून नव्या माणसाकडे येऊ शकते, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या आकारापुरतीच. वारसाच्या नावावर जोडणी होत असेल तर ही मर्यादा लागत नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की नियमांत तरतूद असेल तर जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. म्हणजे "माझा काय संबंध?" एवढ्याने सुटका नाही, पण पाच वर्षांची थकबाकी आली असेल तर सहा महिन्यांवर बोट ठेवा.

खरेदीखताच्या दिवशी मीटरचा व्हिडिओ (प्रश्न २) आणि शेवटच्या भरलेल्या बिलाची पावती घ्या. लोक पार्किंगची पाटीसुद्धा तपासतात, पण मीटर रूममध्ये डोकावत नाहीत.

११. घर सोडून तीन वर्षं झाली. आता म्हणतात, तेव्हाचं बिल चुकलं होतं, फरक भरा.

कलम ५६(२) नुसार रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मधल्या काळात ती थकबाकी म्हणून सतत दाखवली असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे मधली बिलं मिळवा आणि थकबाकीच्या रकान्यात ती रक्कम होती का ते बघा. इथे पुन्हा सीपीएल कामाला येते.

अडचण अशी की "पहिल्यांदा देय" म्हणजे वापरलं तेव्हा नव्हे, तर बिल काढलं तेव्हापासून, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. चूक सापडल्यावर कंपनी जादा मागणी करू शकते, पण दोन वर्षं उलटल्यावर त्यासाठी वीज तोडण्याचं हत्यार वापरू शकत नाही. मात्र विशेष रीडिंग करून अंतिम बिल घेतलं असेल (प्रश्न ३), तर तुमची बाजू बरीच भक्कम होते.

१२. मीटरच बंद पडला होता. मग खरं रीडिंग आणायचं कुठून?

इथे सरासरी बिल नियमानुसारच आहे, पण तिलाही मर्यादा आहे. मीटर नोंदच करत नसेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी, त्याआधीच्या बारा महिन्यांच्या नोंदलेल्या वापराच्या सरासरीने बिल लावता येतं. आठ महिने "फॉल्टी" शेरा आणि आठही महिन्यांचं सरासरी बिल, हे चालत नाही. मीटर वेळेवर बदलणं कंपनीचं काम आहे.

मीटर चालू आहे पण वेगाने पळतोय असा संशय असेल, तर शुल्क भरून चाचणी मागा.

१३. आम्ही दोघंच, दिवसभर कामावर, तरी बिल मोठं. खरं रीडिंग घेतलं तरी मोठंच. मग?

मीटर तुमचाच आहे का, हे बघा. मोठ्या सोसायट्यांत एका भिंतीवर चाळीस मीटर असतात आणि वायरिंग करताना अदलाबदल होते. घरातला मेन स्विच बंद करा आणि कुणाला तरी खाली मीटरसमोर उभं करा. वापर चालू असताना मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत असतो. मेन बंद केल्यावर तो थांबायला हवा. नाही थांबला, तर तुमच्या नावावरचा मीटर बहुधा दुसऱ्याच्या घराला जोडलाय. मी एका कुटुंबाचं बघितलं, त्यांनी मेन बंद केला आणि समोरच्या घरातल्या आजी "आमचा टीव्ही चालू आहे की" म्हणत बाहेर आल्या, तरी या कुटुंबाच्या मीटरचा दिवा लुकलुकतच होता. दोन्ही घरं एकमेकांची बिलं भरत होती.

अशा वेळी दोन्ही ग्राहकांनी मिळून अर्ज द्यावा आणि पाहणी मागावी. एकट्याचा अर्ज रेंगाळतो.

१४. आम्ही परदेशात असतो, पुण्यातला फ्लॅट बंद आहे. तरी दरमहा सरासरी बिल येतं.

बंद घराला स्थिर आकार लागतोच, तो भरायचा. पण युनिट लागत असतील तर कुणाकडून तरी मीटरचा फोटो मागवा. मीटरपर्यंत लागोपाठ दोनदा पोचता आलं नाही, तर ग्राहकाने नोंदणीकृत मोबाइलवरून किंवा ईमेलने रीडिंग आणि तारखेसह फोटो पाठवायची सोय २०२० च्या नियमांत आहे आणि तसा फोटो मिळाल्यावर तात्पुरतं बिल काढायचं नाही. महावितरणच्या ॲपवरूनही रीडिंग पाठवता येतं. त्यासाठी नोंदणीकृत मोबाइल क्रमांक चालू हवा. परदेशात गेल्यावर तो बंद झालेला असतो आणि सगळं तिथेच अडतं.

१५. शेवटच्या बिलासोबत "कलम १२६" लिहिलेला कागद आला.

हा सरासरी बिलाचा प्रकार नाही. अनधिकृत वापराबद्दलची ही आकारणी आहे, उदाहरणार्थ घरगुती मीटरवर दुकान चालवणं. मंच अशी प्रकरणं ऐकत नाही. आधी हंगामी आकारणीवर लेखी हरकत द्या. अंतिम आदेश आल्यावर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. इथे जाणकार वकील गाठा. कलम १३५ म्हणजे चोरीचा आरोप असेल तर तर नक्कीच.

१६. पाइप गॅसचं शेवटचं बिलही अंदाजेच आलंय. हेच नियम लागतात का?

नाही. वीज कायदा, मंच, लोकपाल यांतलं काहीही गॅसला लागू नाही. पद्धत मात्र तीच: मीटरचा फोटो, लेखी तक्रार, पोच. मीटर स्वयंपाकघरातच असतो, त्यामुळे घर बंद असलं की रीडिंग होत नाही आणि अंदाजे बिल येतं. गॅस मीटरवर काळ्या पार्श्वभूमीचे आकडे आणि शेवटी लाल आकडे असतात. लाल आकडे दशांशाचे, ते रीडिंगमध्ये धरायचे नाहीत. ते धरल्यामुळे एका काकूंनी कळवलेलं रीडिंग हजारपट झालं होतं आणि ॲप ते घेईचना.

जोडणी बंद करताना किंवा नावावर करून देताना अंतिम रीडिंगचं बिल मागा आणि कंपनीकडची परताव्याची ठेव विचारा. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे.